माझी आजी

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तरी 14 ऑक्टोबर 1956 ही तारीख तिला मुखोद्गत होती. त्या दिवशी नागपूरला बाबासाहेबांकडून धम्मदीक्षा घेताना नेसलेले पांढरे लुगडे तिने पेटीत जपून ठेवले होते. पहाटे चुलीपासून सुरू होणारा तिचा दिवस रात्री शेवटच्या भांड्याबरोबर संपे. मधल्या वेळात निंदण, सरपण, पाणी. सर्वांना वाढून टोपल्यात उरेल ते तिचे जेवण.

मला या वसतिगृहात धाडण्याचा हट्ट तिचाच. पहिल्या वर्षी ती ज्वारीच्या भाकरी आणि तिळाची चटणी घेऊन भेटायला आली. तिच्या ठिगळांच्या लुगड्याची मला लाज वाटली. "गावाकडची बाई आहे," असे मी मित्रांना सांगितले. तिने ते ऐकले. काही न बोलता तिने बुद्धमूर्तीपुढे हात जोडले, भाकरीचे फडके माझ्या हाती दिले आणि ती परत निघाली.

ती गेली, तेव्हा पेटीतले तेच पांढरे लुगडे तिला नेसवले. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी माझा आवाज आजही अडखळतो. तेव्हा फाटकापाशी सांगायचे राहिले, ते येथे लिहितो: ती माझी आजी होती.