विहिरीत न संपणारी गोष्ट

मित्रहो, पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. विषय असा आहे की आपल्याकडे चारचौघांत निघाला तर एक जण हसतो, दुसरा खाकरतो आणि तिसरा सोयाबीनच्या भावावर बोलायला लागतो.

यंदाच्या आमच्या छोट्या दिवाळी अंकात एक कथा येते आहे. दोन पुरुषांच्या प्रेमाची. लिहिणारा आपल्याच जिल्ह्यातला, आपल्याच बोलीत बोलणारा. अंक घरोघरी जाण्याआधी ही कथा का छापतो आहोत ते सांगावं, म्हणून हा खटाटोप.

थोडं मागं जाऊ. पत्रकारितेची पदविका करून २००३ साली मी बातमीदारीला लागलो. ठाण्यातून प्रेस नोट फॅक्सवर यायची, कागद उन्हात ठेवला की अक्षरं उडायची. त्या काळी आपल्या भागातल्या छापील मराठीत पुरुषावर प्रेम करणारा पुरुष मला दोनच ठिकाणी भेटायचा. पहिलं ठिकाण गुन्हेवृत्त. तिथं शब्द ठरलेला, 'अनैसर्गिक कृत्य'. लहान मुलावर अत्याचार झाला तरी तोच शब्द आणि दोन सज्ञान माणसं राजीखुशीनं एकत्र सापडली तरी तोच. एक भयंकर गुन्हा, दुसऱ्यात कोणाचं काही बिघडलेलं नाही, पण कलम एकच, ३७७. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं. कायद्यानं एका पोत्यात भरलं, म्हणून बातमीनंही भरलं.

दुसरं ठिकाण विनोद. त्याच २००३ साली 'कल हो ना हो' आला. शाहरुख आणि सैफला जवळजवळ बघून दचकणारी कांताबेन आठवते? अख्खं थेटर हसत होतं. पुढं कित्येक वर्षं दोन मित्र एका गाडीवर दिसले की कट्ट्यावरून 'कांताबेन' अशी हाक यायची.

आता विचार करा. मेहकरचा एखादा वीस वर्षांचा पोरगा. ज्या गावात राहून ना. घ. देशपांड्यांनी मराठीला प्रेमकविता दिली, त्याच गावचा. त्याला कळलंय की आपलं मन पोरींकडं जात नाही. तो स्वतःला शोधणार कुठं? पेपरात बघितलं तर आरोपी, पडद्यावर बघितलं तर हसण्यावारी. ज्याला आई आहे, बाप आहे, शेताची वाटणी आहे, ज्याला परीक्षेचं टेन्शन आहे आणि प्रेमही झालंय, असा साधा माणूस त्याला भेटणार कुठं?

तो फक्त गोष्टीत भेटू शकतो. मला वाटतं, कथा-कादंबरीचं खरं काम तेच आहे.

मराठीत अशा गोष्टी नव्हत्या असं नाही. आपल्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. आणि हा विषय काल-परवा मोबाईलमधून आला असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. वाचक त्यांना लैंगिक शंका विचारायचे, त्यात समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही असायचे, आणि कर्वे शांतपणे उत्तर द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कर्व्यांची बाजू मांडायला कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू त्यांनी लढवली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी मराठी वाचक हा प्रश्न पोस्टाचं तिकीट लावून विचारत होता, हे विसरता येत नाही.

नंतर विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आलं, १९८१ साली. विनय आपटेंचं दिग्दर्शन, आणि रोहिणी हट्टंगडींनी केलेली सुमित्रा, म्हणजे मित्रा. स्वातंत्र्याआधीच्या काळातली कॉलेजातली मुलगी, तिचं प्रेम दुसऱ्या मुलीवर. फार धाडसाचं नाटक. पण शेवटी मित्रा स्वतःला संपवते. हा शेवट ध्यानात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

२००६ साली मौज प्रकाशनानं सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' काढली. पुण्याचं मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत राहायला आलेला पेइंग गेस्ट, आणि घरातला भाऊ तनय, बहीण अनुजा, दोघंही त्याच्याच प्रेमात. आधी तनय बोलतो, मग अनुजा. भावाचं प्रेम वेगळ्या जातीचं आणि बहिणीचं वेगळ्या, असं पुस्तकात कुठं वाटत नाही. दोघांचीही फसगत सारखीच, रडणं सारखंच. पुढं जेरी पिंटोंनी इंग्रजी अनुवाद केला, २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर हिंदी सिनेमाही आला. पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' चालवणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर' नावाची कादंबरी लिहिली, आणि 'इंद्रधनू' हे माहितीचं पुस्तकही. आता यातली गंमत सांगतो. एका वाचनालयात मी 'पार्टनर' मागितलं. ग्रंथपाल काकांनी हसतमुखानं वपु काळेंचं 'पार्टनर' हातात दिलं. म्हटलं, काका, हे नाही, दुसरं. ते म्हणाले, "दुसरं कोणतं असते? पार्टनर तं वपुचंच!" त्यांचं काही चूक नव्हतं. त्यांच्या कपाटात एकच पार्टनर होता.

इकडं कायदा हेलकावे खात होता. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. म्हणजे चार वर्षं सुटलेला माणूस एका दुपारी पुन्हा आरोपी. मग ६ सप्टेंबर २०१८. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की सज्ञानांची संमती असेल तर गुन्हा नाही, आणि अत्याचार हा अत्याचारच. गुन्हेवृत्ताचं ते पोतं तेव्हा सुटलं. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही.

निकाल दिल्लीत लागला, आपल्या गावात तो टीव्हीवर दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी. कायदा गुन्हा पुसू शकतो, पण पुढं आयुष्य कसं काढायचं ते सांगणं त्याचं काम नाही.

आता त्या कथेकडं येतो.

ज्यानं लिहिली तो पंचविशीतला. कथा वाचायला घेऊन आला तेव्हा फाईल पिशवीत, पिशवी डिक्कीत, आणि गाडी माझ्या दारापासून चार घरं पुढं लावलेली. मला भाऊ म्हणतो. कथा देऊळगावराजाकडच्या शेडनेटची. तुम्हाला माहीतच आहे, त्या पट्ट्यात मिरची, टमाटे, काकडीचं बियाणं तयार होतं. सकाळी सकाळी बायामाणसं नेटमध्ये शिरतात, नर झाडाच्या फुलाचे पराग मादी झाडाच्या फुलाला हातानं लावतात, फुलाला खुणेचा दोरा बांधतात. क्रॉसिंग म्हणतात त्याला. या कथेतले दोघं तिथंच कामाला. एक मालकाचा पोरगा, एक रोजानं येणारा. गाव दिवसभर नर-मादीचं क्रॉसिंग करतंय आणि हे दोघं एकमेकांकडं बघतायत. त्यानं त्यावर एक ओळही भाष्य केलेलं नाही. कामच इतकं बारकाव्यानं लिहिलंय की उकाडा अंगाला लागतो.

पण शेवटी मालकाचा पोरगा विहिरीत उडी घेतो.

मी विचारलं, "काऊन मारलं रे त्याले?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, आपल्या इकडं दुसरं काय होते?"

मित्रहो, हे वाक्य मला झोपू देईना. विहीर आणि फवारणीच्या औषधाचा डबा या दोन गोष्टी आपल्या जिल्ह्याच्या बातम्यांत किती वेळा आल्या, ते मी मोजलेलं नाही, पण लिहिलेलं आहे. या पोरानं गोष्टीला शेवट शोधला तर त्याला तेवढाच सापडला. कारण असा माणूस जगला, म्हातारा झाला, भावकीच्या लग्नात जेवला, असं त्यानं कुठं वाचलंच नव्हतं. गोष्टीत दुसरा शेवट सुचत नाही त्याला स्वतःच्या आयुष्यात तरी कसा सुचावा?

मी त्याला 'कोबाल्ट ब्लू' दिलं. आठ दिवसांनी परत आणून दिलं. आवडलं होतं, पानं दुमडलेली होती. पण म्हणाला, "भाऊ, हे पुण्याचं हाय. त्या पोराले घर सोडून जाता येते. आपल्या इकडं वावर कोण पाह्यते?"

खरं होतं ते. आपल्याकडचा प्रश्न नुसता 'लोक काय म्हणतील' एवढा नसतो. सातबारा असतो, म्हातारे आईबाप असतात, बहिणीचं लग्न राहिलेलं असतं. शहरातली गोष्ट वाचून खेड्यातल्या माणसाला धीर येतो, पण वाट सापडत नाही.

मग मी त्याला मी पाहिलेल्या एका सिनेमाची गोष्ट सांगितली. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं'. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडं थेटरात लागला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील वारल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्याला गावी येतो. गावात लहानपणचा मित्र बाळ्या, शेतकरी, घरचे लग्नासाठी मागं लागलेले. पायात चप्पल नाही, खाण्यापिण्याची बंधनं, भावकीचे टोमणे, सगळं आपल्या घरातल्यासारखं. आनंदच्या आईला पोराचं सगळं ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूनं उभी आहे. भाषणबाजी नाही, मारामारी नाही. सिनेमा मरणापासून सुरू होतो, पण मरणावर संपत नाही.

ऐकून झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "मायले माहीत असते? आन् तरी ते बोलते त्याच्याशी?"

महिन्यानं तो नवा शेवट घेऊन आला. काय ते अंकात वाचा. विहीर आहे, पण तिच्यावर मोटर चालू आहे आणि दोघं पाणी धरतायत, इतकंच सांगतो.

संपादक मंडळात आम्ही पाच जण. चर्चा दोन बैठका चालली. एका ज्येष्ठ गुरुजींचं म्हणणं, अंक घरात जातो, लेकीबाळी वाचतात. मी म्हटलं, गुरुजी, कथेत एकही असं वाक्य नाही जे तुम्ही मोठ्यानं वाचू शकणार नाही. त्यांनी तिथंच वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "क्रॉसिंगचं वर्णन बराबर हाय. छापा." एका जाहिरातदारानं मात्र पान मागं घेतलं. त्यांचा राग नाही, धंदा त्यांचा आहे. अंक चार पानांनी बारीक झाला, बाकी काही झालं नाही.

कथा टोपणनावानं येतेय. तेव्हा पहिली विनंती ही, की हा कोण, ते शोधत बसू नका. आपल्या गावांचा हा आवडता उद्योग आहे, मला माहीत आहे. शेडनेट कोणाचं, पोरगा कोणाचा, गाडी कुठली, असं सुरू होईल. करू नका. त्याच्या घरी अजून माहीत नाही. कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तो ठरवेल. तुमची एक कुजबुज त्याचा शेवट पुन्हा विहिरीकडं नेऊ शकते. कमेंटमध्ये कोणी नावाचा अंदाज टाकला तर ती कमेंट मी काढून टाकणार, आधीच सांगतो.

दुसरी विनंती आपल्या वाचनालयांना. अनुदानाच्या खरेदीत यंदा 'कोबाल्ट ब्लू' आणि 'इंद्रधनू' घ्या, आणि खिऱ्यांचं 'पार्टनर' वपुंच्या 'पार्टनर'शेजारी ठेवा. कोणी मागितलं तर प्रश्न न विचारता द्या. मागणारा आधीच दहा वेळा दारातून परत गेलेला असतो.

पुस्तक कपाटात नसलं की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही. १८८२ साली बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. आज आपण छाती फुगवून त्यांचं नाव घेतो. पण ते पुस्तक नव्वदहून अधिक वर्षं विस्मरणात पडलं होतं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केलं तेव्हा कुठं महाराष्ट्राला कळलं. ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक लिहिल्याचं सापडत नाही. मधल्या तीन पिढ्यांतल्या किती बायांना ते वाचून आधार मिळाला असता, याचा हिशेब कोण देणार?

म्हणून ही कथा आत्ताच वाचा, नव्वद वर्षांनी नको. आवडली नाही तर तसं लिहून कळवा, भाषा कच्ची वाटली तर तेही कळवा, मी त्याच्यापर्यंत पोचवीन. लेखकाला टीकेची भीती नाही. त्याला पुढची कथा लिहायची आहे, आणि त्यातली माणसं यावेळी चाळिशीची असतील असं म्हणत होता.