वरच्या मजल्यावरचा लॅपटॉप

साताऱ्याच्या आमच्या घरात खालच्या खोलीतला जुना डेस्कटॉप बॅकअपसाठी ठेवला आहे. घरातल्या बाकीच्या संगणकांवरच्या बदललेल्या फाइल्स तो रात्री स्वतःकडे उतरवून घेतो. त्यातला सगळ्यात मोलाचा लॅपटॉप आईचा. माण तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या तिने गावोगाव जाऊन रेकॉर्ड केल्या आहेत. त्यातल्या काही जणी आता हयात नाहीत.

एका संध्याकाळी बॅकअपची यादी उघडली, तर आईच्या लॅपटॉपपुढे ‘ऑफलाइन’. लॅपटॉप तर वर चालू होता. आई हेडफोन लावून ओव्या उतरवून घेत होती. शेवटचा बॅकअप कित्येक आठवड्यांपूर्वीचा, आणि इशारा कुठेच नाही. बॅकअप मध्येच अडला तर सॉफ्टवेअर तसं सांगतं. पण संगणक सापडलाच नाही तर ते त्याला बंद समजतं आणि गप्प राहतं. मला या बिघाडाची भीती वाटते ती यामुळेच.

भाऊ फोनवर म्हणाला, “दादा, सॉफ्टवेअर काढून परत टाक.” बहुतेक जण हेच करतात. मला ते पटत नाही. आधी दोन संगणकांमध्ये वाट आहे का, ते बघायला हवं. सॉफ्टवेअरची पाळी त्यानंतर.

खालून वरच्या लॅपटॉपला पिंग केलं, उत्तर आलं नाही. वरून खालच्या डेस्कटॉपला केलं, तर लगेच आलं. वरून खालचं शेअर केलेलं फोल्डरसुद्धा उघडत होतं. वाट एकाच बाजूने चालू होती, आणि खरा माग इथेच लागला. दोन्हीकडे आयपीकॉन्फिग चालवून पत्ते पाहिले. खालचा १९२.१६८.१ ने सुरू होणारा, वरचा १९२.१६८.० ने. एकाच घरात दोन वेगळी नेटवर्क झाली होती.

वर वायफाय नीट पोचावं म्हणून बसवलेला दुसरा राउटर राउटर म्हणूनच चालत होता. असा राउटर आपल्यामागची सगळी उपकरणं स्वतःच्या एका पत्त्याआड ठेवतो. आतून बाहेर जाता येतं, म्हणून इंटरनेट व्यवस्थित चालतं आणि कुणाला शंका येत नाही. बाहेरून आत मात्र येता येत नाही. त्यात बॅकअपचं सॉफ्टवेअर संगणक शोधतं ते ब्रॉडकास्टने, म्हणजे ‘इथे कोण कोण आहे?’ असा संदेश एकदम सगळ्यांना पाठवून. वाड्याच्या चौकात हाक मारली तर चौकातल्यांनाच ऐकू जाते, तसा हा संदेश आपल्या नेटवर्कपुरताच असतो. राउटर तो पुढे जाऊ देत नाही.

वरचा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर घातला. आता पत्ते वाटायचं काम एकट्या खालच्या राउटरकडे आलं आणि लॅपटॉपला १९२.१६८.१ मधला पत्ता मिळाला. तरी यादीत ‘ऑफलाइन’च. विंडोजला हे नेटवर्क नवीन वाटलं होतं आणि त्याने ते ‘पब्लिक’ धरलं होतं. रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसाठी ते योग्यच आहे: फायरवॉल बाहेरून येणाऱ्या विचारणा अडवतो. घरच्या नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ केलं आणि बॅकअपच्या सॉफ्टवेअरला तेवढ्यापुरती परवानगी दिली. वैतागून अख्खा फायरवॉल बंद करणारे मी पाहिले आहेत. तसं करू नये.

असाच आणखी एक सल्ला जुन्या मार्गदर्शनात हमखास भेटतो: एसएमबी १ हा फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल सुरू करा, मग ‘नेटवर्क’मध्ये शेजारचे संगणक दिसतील. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने याच प्रोटोकॉलमधल्या भगदाडातून जगभरचे संगणक वेठीला धरले. त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० नव्याने टाकलं तर तो आपोआप येत नाही, आणि संगणकांची ती जुनी यादी त्याच्यावरच अवलंबून होती. ती दिसावी म्हणून त्याला परत बोलावणं मला धोक्याचं वाटतं. ‘नेटवर्क’मध्ये संगणक दिसला नाही, तरी पत्ता माहीत असला की बॅकअप होऊ शकतो.

म्हणून शोधाशोधीवर विसंबायचंच नाही असं ठरवलं. लॅपटॉपच्या मॅक अॅड्रेसवरून, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून, राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवला आणि तोच बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने लिहिला. थोड्या वेळात फाइल्स उतरू लागल्या.

बॅकअप पूर्ण झाल्याची खूण आली तरी मी तेवढ्यावर थांबत नाही. त्यातली फाइल परत काढून उघडून बघतो. आईला खाली बोलावून विचारलं, “आई, कुठली लावू?” तिने नाव सांगितलं, मी ती बॅकअपमधून काढून लावली. “हीच,” ती म्हणाली, “मागे कोंबडा आरवतो ना, तीच ही.” शेवटपर्यंत ऐकून आणखी दोन लावायला लावल्या.

त्याच रात्री सेटिंगमध्ये एक भर घातली: कुठलाही संगणक तीन दिवस दिसला नाही, तर मला आणि भावाला ईमेल जाईल.