परसातील दिल्ली

दिल्लीस नव्याने येणाऱ्या पाहुण्यास काय काय दाखवावे याची आमच्या घरी एक ठरलेली यादी आहे. कुतुबमिनार, हुमायूनची कबर, राजघाट, लाल किल्ला आणि वेळ उरलाच तर करोलबागेतील बाजार. अकरा वर्षे मी या शहरात राहते आहे आणि ही यादी कितीतरी वेळा तोंडपाठ म्हणून दाखविली आहे. परंतु या शहराची जमीन कशी आहे, तिला पाणी किती लागते, कोणत्या महिन्यात तिच्यात काय उगवते, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ते कळले ते घरामागच्या बारा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका तुकड्यामुळे.

आम्ही राहतो ती दक्षिण दिल्लीतील एक जुनी सरकारी वसाहत आहे. तळमजल्यावरील घरांच्या मागे थोडी मोकळी जागा सोडलेली असते. शहरातील अशा सात वसाहतींच्या जागी उंच इमारती उभारण्यास २०१६ साली मंजुरी मिळाली, तेव्हापासून परस असलेली घरे झपाट्याने कमी होत आहेत. आमचे अजून उभे आहे. त्या परसात आम्ही आजवर काय केले होते, तर कपडे वाळत घातले होते आणि मोडकी सायकल ठेवली होती.

यात मौजेची गोष्ट अशी की, परसबागेवरील लेखांचे भाषांतर हे माझ्या कामाचाच एक भाग आहे. घरच्या घरी भाजीपाला पिकवा, रोज चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा निवडा, चांगले कुजलेले शेणखत मिसळा, ही वाक्ये मी इतक्या वेळा मराठीत उतरविली आहेत की ती झोपेतही लिहीन. खुरपे मात्र हातात कधी धरले नव्हते.

ते धरावे लागले सासूबाईंमुळे. गेल्या वर्षी माघात सासरे गेले. कराडजवळ कृष्णाकाठी त्यांचे जन्मभराचे घर. तेथे सासूबाई एकट्या कशा राहणार म्हणून मे महिन्यात आम्ही त्यांना दिल्लीस आणले. त्या काही बोलत नसत. सकाळी अंघोळ, देवपूजा, मग मागच्या दारी पायरीवर बसून भिंतीकडे पाहणे. हिंदी त्यांना येत नाही. मुले शाळेत, आम्ही दोघे कचेरीत. घरी दिवसभर त्या आणि भिंतीवरचे घड्याळ.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी त्यांनी विचारले, “अगं, मृग निघाला ना?” मी पंचांग पाहिले; निघण्यास दोन दिवस होते. “मग ही एवढी जागा रिकामी का ठेवलीत?” महिनाभरात त्यांनी आपण होऊन काढलेला हा पहिला विषय होता. मी त्याच संध्याकाळी बाजारात गेले. मेथी, धने, भेंडी, घेवडा, जे बी दिसले ते घेऊन आले. मृगाच्या दिवशी आम्ही दोघींनी जमीन वरवर उकरली, बी टाकले व भरपूर पाणी घातले.

आणि काहीच उगवले नाही. भेंडीची चार रोपे वर आली, ती तिसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याने करपली. दिल्लीचा जून म्हणजे ‘लू’चा महिना, तापमान ४२ ते ४५ अंश आणि भट्टीचे दार उघडावे तसा वारा. मोसमी पाऊस येथे पोचतो तो महिन्याच्या अखेरीस. कृष्णाकाठी मृग म्हणजे वळीव होऊन गेलेली, भिजलेली जमीन. येथे मृग म्हणजे केवळ पंचांगातील एक ओळ. मेथी-कोथिंबीर तर थंडीची पिके. त्या उन्हात त्यांना पेरणे म्हणजे बी भाजून घेणेच होते. हे आता लिहिणे सोपे आहे. त्या वेळी सासूबाईंनी हातातील माती झटकली आणि म्हणाल्या, “दिवाळी झाली की मला गाडीत बसवून दे.” मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?

शेजारच्या घरी एक पंजाबी आजी आहेत. सारा पावसाळा आमचा तो ओसाड तुकडा पाहून बहुधा त्यांना राहवले नसावे. ऑगस्टच्या अखेरीस कुंपणावरून त्यांनी मला हाक मारली. “बेटी, जूनमध्ये कोणी मेथी पेरते का? अस्सू येऊ दे.” अस्सू म्हणजे पंजाबी आश्विन, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा महिना. पाऊस गेलेला, ओल टिकलेली आणि रात्री गार होऊ लागलेल्या. येथील भाजीचे खरे वर्ष तेव्हा सुरू होते.

म्हणून सप्टेंबरच्या शेवटी एका सुट्टीच्या शनिवारी आम्ही दोघी पुसा संस्थेत बी आणावयास गेलो. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेस दिल्लीकर नुसते ‘पुसा’ म्हणतात. शहराच्या पोटात सुमारे ५०० हेक्टरांचे हे आवार आहे. बाहेर मोटारींचा गोंगाट आणि आत सरळ रस्ते, मोठाली झाडे व शेताचे आखीव तुकडे. संस्था स्थापन झाली १९०५ साली, बिहारमधील पुसा या गावी. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतीची वाताहत झाली, आणि १९३६ साली सारा संसार दिल्लीस हलला. गाव मागे राहिले, नाव बरोबर आले. गव्हाच्या ज्या बुटक्या जातींनी १९६० नंतरच्या दशकात देशाचे धान्याचे चित्र पालटले, त्यांवरील कामाचे हे एक प्रमुख ठिकाण. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “इथं गहू काढतात होय?” आणि बराच वेळ शेताच्या कडेला उभ्या राहिल्या. मे महिन्यापासून त्यांनी शेत पाहिले नव्हते.

तेथे बियांच्या नावांतच मला हवा तो धडा मिळाला. मुळ्याची ‘पुसा चेतकी’ ही जात उन्हाळ्या-पावसाळ्यात पेरण्याची. ‘पुसा हिमानी’ ही ऐन थंडीची. मुळा तोच, परंतु ऋतू चुकला तर मुळी न पोसता फूलच धरावयाचा. ‘पुसा सावनी’ ही भेंडी एके काळी पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगास दाद देत नसे म्हणून देशभर गेली. पुढे तो प्रतिकार टिकला नाही, आणि नव्या जाती काढाव्या लागल्या. आम्ही ‘पुसा ऑल ग्रीन’ पालक आणि ‘पुसा अर्ली बंचिंग’ मेथी घेतली. टोमॅटोची मात्र रोपेच विकत घ्या असे आजींनी बजावले होते, आणि तो सल्ला मी प्रत्येक नवशिक्यास देईन. बियांपासून रोपे करण्यास गादीवाफा लागतो, हात हलका लागतो. मी हट्टाने एका कुंडीत केली ती जास्त पाण्याने बुडाशी सडून एका रात्रीत कोलमडली.

जमीन या खेपेस नीट खणली. वीतभर खाली कुदळ खणखणू लागली आणि विटांचे तुकडे, चुना, एक बशी व पितळी नळाची तोटी एवढा ऐवज निघाला. सरकारी वसाहतीत परसाची जमीन म्हणजे बहुधा बांधकामाच्या मलब्यावर टाकलेली माती असते. तीन टोपल्या विटा काढल्यावर खरी माती लागली. यमुनेच्या गाळाची, फिकट, पिठासारखी. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. या मातीवर पाणी सोडले की वाळल्यावर वर पापुद्रा धरतो आणि नाजूक कोंब त्याखालीच अडकतो. म्हणून आधी पाणी देऊन ओल मुरू द्यावी आणि मग पेरावे, हे येथील शहाणपण.

पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बी घेऊन निघाले, तर सासूबाईंनी अडविले. “थांब. वाफसा नाही आला अजून.” वाफसा हा शब्द मी शेतीवरील मजकुरात वाचला होता आणि भाषांतर करताना नेहमी टाळून ‘जमिनीतील योग्य ओलावा’ असे लिहीत आले होते. तेवढ्यात पलीकडून आजींनी वाकून पाहिले व मान हलविली. “ना, ना. वत्तर नहीं आया.” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. “काय म्हणतात त्या?” मी म्हटले, “आई, तुम्ही म्हणालात तेच.” सासूबाईंनी मूठभर माती उचलून दाबली, तिचा चिखलाचा लाडू झाला. तो त्यांनी कुंपणावरून आजींपुढे धरला. आजींनी तो कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाकला. लाडू फुटला नाही, नुसता चपटला. दोघीही हसल्या. तिसऱ्या दिवशी तोच लाडू पडताच भुगा झाला, आणि मग पेरणी. माझी बी.ए.ची पदवी व दहा वर्षांचे भाषांतर बाजूस उभे होते. त्या दिवसापासून दोघींमध्ये दुभाषाची गरज उरली नाही. आजी त्यांना ‘बहनजी’ म्हणत आणि सासूबाई त्यांना सरळ मराठीत उत्तर देत.

पेरणीतील काही गोष्टी कोणत्याही पुस्तकात सापडतील, तरी सांगते. धना अख्खा पेरू नये. एका धन्यात दोन बिया असतात, तो हलक्या हाताने रगडून दोन फाके करावे व रात्रभर भिजत घालावे. पालकाचे जे बी म्हणून मिळते तो खरोखर बियांचा पुंजका असतो. एका ठिकाणी दोन-तीन रोपे आली तर विरळणी करावी, जीव तुटला तरी करावी. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटींहून खोल जाऊ नये. आणि सारी मेथी एकाच दिवशी पेरू नये. मी पेरली, आणि नोव्हेंबरात आठवडाभर आम्ही व तिन्ही शेजारी मेथीच खात होतो. दर पंधरा दिवसांनी एक ओळ टाकली तर घरापुरती भाजी सतत मिळते. शेणखत जुने, काळे, वास न येणारे हवे. माझे एक पोते अर्धे कच्चे निघाले आणि त्यापाठोपाठ वाळवी आली.

डिसेंबरात वाफ्यांत तण माजले. एका रविवारी मी मोठ्या उत्साहाने खुरपू लागले, आणि उपटलेल्या ढिगाकडे पाहून सासूबाई किंचाळल्याच, “अगं, चाकवत टाकतेस की काय!” कोवळ्या पानांच्या खाली पांढरी भुकटी, बदकाच्या पायासारखे पान, बाजारातील जुडीत मी ते शंभरदा पाहिले होते, जमिनीत उगवलेले ओळखले नाही. दिल्लीत यासच बथुआ म्हणतात. तो गव्हाच्या शेतात आपोआप उगवतो आणि हिवाळ्यात त्याचा रायता होतो. म्हणजे जी भाजी येथे मिळत नाही म्हणून आम्ही वर्षानुवर्षे हळहळत होतो, ती दुसऱ्या नावाने दारात आली होती. त्या रात्री ताकातला चाकवत झाला, शेंगदाणे व हरभऱ्याची डाळ घालून. एक वाटी कुंपणापलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी ती वाटी रायत्याने भरून परत आली.

सगळेच साधले असे मात्र नाही. एका सकाळी माकडांची टोळी आली आणि मुळ्याचा अख्खा वाफा उपटून, प्रत्येकाचा एकेक घास घेऊन, उरलेले गच्चीवर टाकून गेली. फ्लॉवरचे गड्डे लिंबाएवढेच राहिले. फेब्रुवारीत मोहरीवर मावा पडला. चुलीची राख कोठून आणणार, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यावर भागविले. दिल्लीच्या नोव्हेंबरातील धुराची हवा तर सर्वांस माहीत आहे. पाने तीनदा धुतल्यावाचून आम्ही खात नाही. आणि हिशेबाने पाहिले तर या भाजीने आमचे फार पैसे वाचले असे मी म्हणणार नाही.

अन्य प्रांतांतील वाचकांनी माझ्या तारखा उतरून घेऊ नयेत. चेन्नईस पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, तेथे आमचा पेरणीचा महिना भर पावसाचा. बंगळूरच्या सौम्य हवेत बहुतेक भाज्या जवळजवळ वर्षभर निघतात. आपल्या गल्लीत भाजी लावणारे जे सर्वांत वयस्क माणूस असेल त्यास विचारावे, आणि पहिल्या वर्षी चारपेक्षा अधिक भाज्या लावू नयेत.

राहता राहिले दिवाळीचे. भाऊबीज झाली, आणि गाडीचे तिकीट काढावे का, हे विचारण्याचे धैर्य मला होईना. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कचेरीतून आले तो सासूबाई कडेच्या वाफ्यात लसणाच्या पाकळ्या लावीत बसल्या होत्या, टोक वर करून, चार-चार बोटांवर. लसूण निघण्यास पाच महिने लागतात. मी काही विचारले नाही, त्यांनी काही सांगितले नाही.

आता त्या लसणाची पात पिवळी पडू लागली आहे आणि त्याचे पाणी तोडले आहे. गावाकडून अंबाडीचे बी मागविले आहे. ते डब्यात घालून सासूबाईंनी देवघराच्या फळीवर ठेवले आहे. परवा मी विचारले, “आई, हे मृगाला पेरायचं ना?”

“मृगाला नव्हे,” त्या म्हणाल्या, “इथं पाऊस आल्यावर.”