उन्हाचा हप्ता

आजऱ्यासारख्या गावी राहून आम्ही सूर्याचे गुणगान करावे, हे वाचून बाहेरगावचा वाचक मनाशी हसेल. येथे पाऊस एकदा बसला की सूर्य जणू चार महिन्यांच्या रजेवर जातो. हिरण्यकेशी दुथडी भरते, घनसाळ भाताची खाचरे तुडुंब होतात आणि विजेच्या तारेवर एखादे झाड आडवे झाले की वाड्या-वस्त्या अंधारात बुडतात. परंतु दिवाळीपासून वैशाखाच्या अखेरीपर्यंत हाच सूर्य सढळ हाताने ऊन ओततो. श्रीमंताच्या गच्चीवर आणि गरिबाच्या कौलांवर ते सारखेच पडते. मग त्या उन्हाचा उजेड गरिबाच्या घरी सर्वांत शेवटी का पोहोचावा?

याचे सोपे उत्तर असे की, ऊन फुकट असले तरी ते पकडणारे यंत्र महाग आहे. एके काळी हे उत्तर खरे होते. आज ते अपुरे आहे. 2010 नंतरच्या दशकात सौर पॅनलची किंमत सुमारे नऊ-दशांशाने उतरली. तरीही अंधार पुरता हटला नाही. तेव्हा अडचण केवळ किमतीची नसून आणखी कशाची तरी असली पाहिजे.

ती अडचण ज्यांनी नेमकी ओळखली, त्यांत आमच्या शेजारच्या कर्नाटकातील हरीश हांडे यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. खरगपूरच्या आय.आय.टी.त शिकून ते अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी गेले. तेथे असताना डोमिनिकन रिपब्लिक या देशात त्यांनी गरीब कुटुंबे स्वतःचे पैसे मोजून सौर दिवे वापरताना पाहिली आणि त्यांच्या विचारांची दिशाच पालटली. 1995 साली त्यांनी नेव्हिल विल्यम्स यांच्या साथीने बंगळूर येथे 'सेल्को' ही कंपनी स्थापन केली. गरिबाला परवडत नाही, गरिबाला यंत्र सांभाळता येत नाही आणि गरिबांसाठी केलेला धंदा तगत नाही, हे तीन समज खोटे ठरविण्याचा त्यांनी चंग बांधला. रस्त्यावर माल विकणाऱ्या एका बाईने त्यांना सुनावले होते, की महिन्याला तीनशे रुपये जड जातील, पण रोजचे दहा रुपये चालतील. हिशेब एकच, पण रोज कमावून रोज खाणाऱ्याच्या हाती महिनाअखेरीस तीनशे रुपये एकत्र कधी असतात? हांडे यांनी बँकांना गाठले आणि दिव्याचे कर्ज कमाईच्या चालीने फेडता येईल अशी व्यवस्था उभी केली. शिवाय गावोगावी दुरुस्तीची केंद्रे उघडली. 2011 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. आम्हांस वाटते, त्यांचा खरा शोध दिव्यात नव्हता. तो हप्त्यात आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसात होता.

आपल्या महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भाग उद्ध्वस्त झाला. तेथील पुनर्वसनाच्या कामातून प्रेमा गोपालन यांची 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था आकारास आली. प्रेमाताई 2022 साली निवर्तल्या. या संस्थेने खेड्यातील स्त्रियांनाच उद्योजक बनविले. धुराविना पेटणारी चूल आणि सौर कंदील घेऊन त्या दारोदार गेल्या. कंपनीच्या परक्या विक्रेत्यापेक्षा आपल्याच आळीतल्या वहिनींवर गावाचा विश्वास अधिक, हे त्यामागचे साधे शहाणपण होते.

दुसरे उदाहरण वाळवणाचे. वैभव तिडके व त्यांच्या सोबत्यांनी विजेविना चालणारे सौर वाळवणी यंत्र घडविले आणि 'एस फॉर एस' ही कंपनी काढली. शेतकरी स्त्रिया त्या यंत्रात कांदा, टोमॅटो, आले वाळवितात आणि वाळलेला माल कंपनी विकत घेते. केवळ यंत्र गळ्यात मारून ती मोकळी होत नाही, हे ध्यानात घ्यावे. 2023 साली या कंपनीला 'अर्थशॉट' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वळवाच्या एका सरीने अंगणातले वाळवण भिजलेले ज्या आयांनी पाहिले आहे, त्यांना या यंत्राचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

आता आपल्याकडे वळू. 2024 साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरावरील संचाला एका किलोवॉटसाठी 30,000, दोनसाठी 60,000 आणि तीन वा अधिक किलोवॉटसाठी 78,000 रुपये अनुदान ठरले. एक किलोवॉटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो. जास्तीची वीज तारेतून परत जाते व पुढील बिलांत वळती होते. म्हणजे एप्रिल-मेचे ऊन आषाढात उपयोगी पडते. आजऱ्यासारख्या ठिकाणी ही मोठीच सोय आहे. मात्र एक गोष्ट पुष्कळांना कोणी सांगत नाही. बॅटरी नसलेला असा संच वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो. ऐन पावसात दिवा हवा असेल, तर बॅटरीची वेगळी तजवीज करावी लागते.

हे सांगायला गावात जाणता माणूस हवा. आमच्या फिरतीच्या वाटेवर एका वस्तीत सौर दिव्याचा एक खांब उभा आहे. कोणीतरी तो फुकट बसवून दिला होता. दोन पावसाळे तो उजळला, मग बॅटरी संपली. आता त्याला कपडे वाळत घालण्याची दोरी बांधलेली आहे. पॅनल पंचवीस वर्षे टिकते; साधी बॅटरी तीन-पाच वर्षांत बदलावी लागते. देणाऱ्याने पहिला हिशेब केला, दुसरा कोणी केलाच नाही.

आपल्या धर्मग्रामातील मुले आय.टी.आय.मध्ये वीजतंत्री होतात आणि मुंबई, पुणे वा गोव्याची वाट धरतात. त्यांतील एखाद्याने येथेच दुकान थाटावे, चार वाड्यांचे संच बसवावेत व सांभाळावेत, असे आम्हांस मनापासून वाटते. भांडवलाचा प्रश्न आहे, पण तो नवा नाही. 1918 साली वसईत मोन्सिनॉर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक बँक उभी राहिली, तेव्हाही लहान माणसाची पत ओळखणारे कोणीतरी हवेच होते. आपल्या बचत गटांनी व पतसंस्थांनी लग्नासाठी जसे कर्ज द्यावे, तसेच या तरुणाच्या अवजारांसाठी आणि विधवेच्या दोन दिव्यांसाठीही द्यावे. आणि काजूच्या हंगामात मोठा, पावसाळ्यात लहान असा हप्ता बांधून द्यावा.

वाचकहो, उद्या आपल्या दारी कोणी सौर दिवा विकायला वा दान द्यायला आला, तर त्याला आदराने बसवावे, चहा द्यावा आणि किंमत विचारण्यापूर्वी एवढेच विचारावे: बॅटरी संपली की हाक कोणाला मारायची?