आला का रं?

गेल्या महिन्यात मराठीच्या तासाला सरांनी पुस्तक मिटले आणि वर्गाला एक प्रश्न विचारला. "आयुष्यात तुम्ही सगळ्यांत जास्त वाट कशाची पाहिलीत?" पहिल्या बाकावरून लगेच उत्तर आले, "पावसाची." सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. आपल्या आष्टी तालुक्यात हे उत्तर कधीच चुकत नाही. कोणी पोलीस भरती म्हणाले, कोणी निकाल म्हणाले, कोणी रेल्वे म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो आणि "पावसाचीच, सर," असे सांगून खाली बसलो.

ते उत्तर खोटे होते. मी सगळ्यांत जास्त वाट पाहिली ती मोबाईलवरच्या एका खेळाची. हे वर्गात सांगायची लाज वाटली. तेथे जे बोलता आले नाही ते आता लिहून काढतो आहे.

आमचे आई-आण्णा ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळी निघते आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येते. मधले पाच-सहा महिने घरात आजी, माझा थोरला भाऊ आणि मी. भावाला मी दादा म्हणतो. तो दहावीला गणितात राहिला आणि पुन्हा बसला नाही. चार शेळ्या घेऊन माळावर जायचे, संध्याकाळी यायचे, हा त्याचा दिनक्रम. २०१९ च्या दसऱ्याला आण्णांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून एक जुना मोबाईल विकत घेतला आणि दादाच्या हातात दिला. "रातच्याला फोन करीत जाईन. उचलत जा," एवढेच ते म्हणाले. स्वतःकडे त्यांनी बटणांचा साधा फोन ठेवला.

त्या मोबाईलवर दादाने पबजी घेतला. प्राध्यापकवर्गासाठी थोडे सांगावे लागेल. हा खेळ मोबाईलवर २०१८ च्या मार्चमध्ये आला. शंभर माणसे एका विमानातून एका बेटावर रिकाम्या हाताने उड्या टाकतात. एरांगेल हे त्यातले पहिले बेट, आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद. ओसाड घरांतून बंदुका, गोळ्या, औषधपाणी गोळा करायचे, समोरच्याला मारायचे आणि स्वतः जगायचे. भोवतीचे निळे वर्तुळ आवळत येते, त्यामुळे कोणाला एका जागी लपून बसता येत नाही. शेवटी जो उरेल तो जिंकला. चौघांची टोळी करूनही खेळता येते.

गल्लीतल्या तिघांबरोबर दादाची टोळी झाली आणि तो तिचा म्होरक्या झाला. मी नुसता त्याच्या खांद्याआडून पाहत असे. दादा खेळत होता मात्र विलक्षण! कोणत्या टेकाडावर बसले की खालचा सगळा ओढा दिसतो, कोणत्या झाडाआड माणूस लपतो, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. ते माळाने शिकवले होते. दहावीला राहिलेला, गावात 'शेळ्यावाला' म्हणून ओळखला जाणारा माझा भाऊ त्या बेटावर उतरला की इतर तिघे त्याच्या शब्दाबाहेर जात नसत. कोणाची किती जमीन आणि कोण कोणाचा, हे तेथे कोणी विचारत नव्हते. बारा-तेरा वर्षांच्या मला त्याचा फार अभिमान वाटे.

जिंकले की पोरे "चिकन डिनर झाला!" म्हणून ओरडत. आजी एकदा अंथरुणातूनच कडाडली, "मेल्यांनो, आज एकादस हाय. कसलं चिकन करायलेत?"

या खेळावरून घरोघर दोन तट होते. आमच्या मराठवाड्यातच, हिंगोलीजवळ, मार्च २०१९ मध्ये दोन तरुण रुळाजवळ हा खेळ खेळताना रेल्वेखाली गेले. त्याच वर्षी मुंबईतल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात अर्ज करून यावर बंदी मागितली. एकीकडे असे, तर दुसरीकडे मुंबईचा नमन माथुर, ज्याला पोरे 'मॉर्टल' म्हणून ओळखतात, याच खेळावर देशभर नाव कमावून बसलेला. शिक्षक म्हणत पोरे बिघडली, पोरे म्हणत तुम्हाला काय कळते. मी अर्थातच पोरांच्या बाजूचा होतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत.

त्या रात्री आजी झोपली होती. खेळात सात माणसे उरली होती आणि त्यांतले चौघे आमचे. वर्तुळ एका खळ्याएवढे झाले होते. तेवढ्यात आण्णांचा फोन आला. फोन आला की खेळ झाकला जातो. दादाने तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा दादाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "काप, मंग करू आपुन."

आम्ही जिंकलो. मग फोन लावला तर लागेना. सकाळपर्यंत लागला नाही.

सकाळी मुकादमाच्या फोनवरून कळले. अंधारात गाडी भरताना आईच्या पायावर कोयता बसला होता. रात्री तिला कोणाच्या तरी जीपमधून दवाखान्यात नेले. तेथे आधार कार्डाचा नंबर मागितला आणि कार्ड आमच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. त्यासाठी आण्णा फोन करीत होते. नऊ टाके पडले. ओळखीपाळखीने काम भागले, पण आण्णांना तासभर दारात हात जोडून उभे राहावे लागले. दोन दिवसांनी ते फोनवर दादाला म्हणाले, "झोपला आसाल म्हनलं. रात लई झाल्ती."

दादा "हां" म्हणाला. मीही काही बोललो नाही.

एखाद्याला वाटेल, त्यानंतर आम्ही खेळ सोडला असेल. नाही सोडला. मार्चमध्ये टाळेबंदी आली, टोळी कारखान्यावर अडकली आणि एप्रिलमध्ये परवानगी मिळाल्यावर गावी आली. आई लंगडत उतरली. शाळा मोबाईलवर आली, म्हणून दिवसा मोबाईल माझा आणि रात्री दादाचा अशी वाटणी झाली. आईच्या पायाकडे पाहिले की आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत नसू. मग २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली, त्यांत पबजी होता. ३० ऑक्टोबरला तो पुरता बंद पडला. त्याच आठवड्यात आमची टोळी निघाली आणि या खेपेला दादाही तिच्यात होता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दादा एकटा, म्हणून 'अर्धा कोयता'. मोबाईल माझ्या नववीसाठी घरी राहिला.

येथून ते वाट पाहणे सुरू झाले. नोव्हेंबरमध्ये कोरियाच्या कंपनीने सांगितले, भारतासाठी वेगळा खेळ काढतो. डिसेंबर गेला, काही नाही. २६ जानेवारी २०२१ ला बंगळूरच्या कंपनीचा 'फौजी' आला. पोरे त्यावर तुटून पडली आणि आठवडाभरात कंटाळली. रोज नवी आवई उठे. दादा आण्णांच्या फोनवरून आठ-पंधरा दिवसांनी बोले. आजीची तब्येत विचारी, शेळ्यांचे विचारी आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणे, "आला का रं?"

काय, ते सांगावे लागत नसे. "नाय अजून," मी म्हणे. "बरं," म्हणून तो फोन ठेवी.

तेव्हा मला वाटे, केवढा हा नाद! फडात पहाटे चारला उठून मोळ्या बांधणाऱ्या माणसाला हे कसे सुचते? आज वाटते, नाद माझा होता. दादाला दुसरे काही विचारायचे असावे आणि त्याच्याकडे तेवढेच तीन शब्द होते.

६ मे २०२१ ला खेळाचे नवे नाव जाहीर झाले, 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया'. १८ मेपासून नावनोंदणी सुरू झाली. पट्टा पडून दादा तोवर घरी आला होता. २ जुलैला खेळ उतरला. आमच्या जुन्या मोबाईलमध्ये जागा होईना. मी शाळेचे व्हिडिओ पुसले, फोटो पुसले. रात्री पुन्हा चौघे जमले आणि मी खांद्याआड बसलो. तेच बेट, तेच विमान. गोळी लागली की लाल रक्ताऐवजी हिरवे उडत होते. हे खरे जग नव्हे, अशी सूचना देण्यात येत होती. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीनच तास, असा नियमही होता.

दादा पहिल्या दहा मिनिटांत मेला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याने मोबाईल माझ्या हातात दिला आणि तळवे दिव्याकडे करून पाहिले. कोयत्याने बोटांना घट्टे पडले होते. काचेवर अंगठा सरकतच नव्हता. "हात बसंना आता," तो म्हणाला, "तू खेळ." इतकी वाट पाहिलेली गोष्ट अर्ध्या तासात संपली. बाकीचे तिघे खेळत राहिले. दादा बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मला वाटले, तो खेळासाठी हळहळतो आहे. मी जवळ गेलो तर म्हणाला, "त्या राती फोन घेतला आसता तर?"

दीड वर्षात तो पहिल्यांदाच यावर बोलला होता. मी म्हणालो, "काप मीच म्हनलं व्हतं." तो म्हणाला, "बोट माजं व्हतं."

पुढे २८ जुलै २०२२ ला तो खेळही दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. पुण्याच्या कंपनीचा 'इंडस' कैक महिने गाजत राहून ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. आता आपल्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर जीटीएच्या सहाव्या भागाची चर्चा असते. त्यावरही दोन तट आहेतच. चोऱ्या आणि खून शिकवणारा खेळ, असे एक म्हणतो. एवढे मोठे शहर दुसऱ्या कोणी उभे केले आहे का, असे दुसरा विचारतो. पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ चा. सहाव्याची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये दाखवली आणि २०२५ साल सांगितले. मग २६ मे २०२६ सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते बदलून १९ नोव्हेंबर २०२६ केले. ज्या यंत्रावर तो चालायचा ते आमच्यापैकी एकाकडेही नाही! तरी तारीख पुढे गेली की पोरांचे चेहरे उतरतात.

हसू नका. १७ सप्टेंबर हा आपला मराठवाडा मुक्तिदिन. २०२५ साली त्याच दिवशी नगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. नगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला १९९५ साली. कड्याला स्टेशन होऊन आष्टीची गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ ला. आजीने ती वाट पंचवीस वर्षांवर पाहिली आणि गाडी आल्यावर एकदाच बसून नगरला जाऊन आली. "कशी वाटली?" विचारले तर म्हणाली, "बरी हाय. पर तुजा आजा पायजे व्हता." वाट पाहून मिळालेल्या वस्तूचे असेच होत असावे. वस्तू येते, पण जिच्यासाठी ती हवी होती ती वेळ निघून गेलेली असते.

मी खेळाला दोष देत नाही. त्या खेळाने माझ्या भावाला चार महिने म्होरकेपण दिले, जे शाळेने आणि गावाने दिले नव्हते. फोन खेळाने कापला नाही, आम्ही कापला. पण ज्या घरात एकच मोबाईल असतो आणि त्यावरच आईबापांची खुशाली यायची असते, त्या घराला खेळ महाग पडतो, एवढे मात्र मला कळले आहे. आता आण्णांचा फोन आला की मी तासालासुद्धा बाहेर जातो. सरांनी रागावू नये.

दादाचे लग्न झाले. यंदा वहिनीसह त्याचा पूर्ण कोयता आहे. परवा त्याला फोन करून सांगितले, "आपल्या त्या रातीचं लिव्हलंय. वार्षिकांकात द्यायचंय. देऊ का?" बराच वेळ फक्त ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "आण्णांना वाचता येत नाय."

"मी वाचून दावतो," मी म्हणालो.

"मी आल्यावर वाच," तो म्हणाला. "म्होरं बसतो."

अंक निघेल तोवर पट्टा पडलेला असेल. सर, माझे खरे उत्तर आता बदलले आहे. सध्या मी टोळी परत येण्याची वाट पाहतो आहे आणि ती येईल त्या दिवसाची मला भीतीही वाटते.