टायर मोठे, खर्च त्याहून मोठा

शनिवारी सकाळी थार घेऊन मंडळी कुठे जातात? लोणावळा, कर्नाळा, फार तर अलिबाग. आम्ही गेलो गोवंडीला! मित्राची थार वळणावर गुरगुरायला लागली होती आणि दुसऱ्या दिवशी त्याला आई-बाबांना घेऊन माळशेज घाटाने जुन्नरला, गावी जायचं होतं.

हार्बर लाइनवर चेंबूर आणि मानखुर्दच्या मधलं गोवंडी आपल्याला माहीत असतं ते देवनारच्या डम्पिंग ग्राउण्डमुळे. १९२७पासून मुंबईचा कचरा इथे पडत आला. लिंक रोडवर डम्पर, ट्रक, टेम्पो धावतायत. इथे मोठ्या टायरचं कुणाला काय कौतुक?

गॅरेजवाल्या चाचांनी गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक दोन्ही हातांनी वर-खाली हलवलं. खडखड!

‘बेअरिंग गया. चाक बडा किसलिए डाला? जंगल में जाते हो?’

‘नाही चाचा, बीकेसीत,’ मित्र पुटपुटला.

कंपनीने दिलेले टायर होते २४५/७५ आर १६. ऑफिसच्या पार्किंगमध्ये भाव खायला यानं चढवले २८५/७५ आर १६, तेही बाहेर डोकावणाऱ्या रिमवर. व्यास ७७४ मिलिमीटरवरून ८३४ झाला. म्हणजे गाडी ६ सेंटीमीटर उंच? छे! वाढलेला व्यास निम्मा अ‍ॅक्सलच्या वर जातो, त्यामुळे गाडी उचलली जाते जेमतेम ३ सेंटीमीटर.

आणि त्या ३ सेंटीमीटरचं बिल? चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर तरफेसारखा जोर पडतो. जड चाकाचे धक्के बॉल जॉइंट आणि टाय रॉड एण्ड खातात. गिअर जवळपास ८ टक्के ‘लांब’ होतात, मग चढावर क्लच घासतो. ब्रेकला ताकद जास्त लागते. स्पीडोमीटर ८० दाखवतो, तेव्हा गाडी ८६ने पळत असते. फुल स्टीअरिंग मारलं की टायर मडगार्डला घासतो, तो वेगळाच.

शिवाय कायदा आहेच. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय. खरोखर दगडधोंड्यांत जाणारेसुद्धा आधी सस्पेन्शन आणि डिफरन्शिअलचा रेशो बघतात, टायर नंतर.

‘जुने टायर कुठे आहेत?’ मी विचारलं.

‘विकले.’

चाचांनी काढलेलं बेअरिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. आतल्या कडा खरवडल्यासारख्या झाल्या होत्या. ते बघून त्याचा चेहरा उतरला. हेच चाक उद्या माळशेजच्या वळणावर, मागच्या सीटवर आई.

रविवारी आई-बाबा एसटीने जुन्नरला गेले. मित्र पुन्हा गोवंडीत होता, २४५चा सेट बसवून घ्यायला. मोठ्या टायरचे हप्ते अजून सात महिने आहेत.