माया नसलेली शिवण

मांडे करणाऱ्या बाईचे हात बघायचे असतील तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी खान्देशातल्या एखाद्या चुलीपाशी जाऊन बसावं. पुरण भरलेला गोळा ती आधी तळव्यांवर घेते, मग मनगटं फिरवत फिरवत पसरवत नेते. पार कोपरापर्यंत आलेली ती पातळ पोळी उलट्या घातलेल्या, तापलेल्या खापरावर अलगद सोडते. हे सगळं चालू असताना दंड सारखा हलत असतो, आणि दंडाखाली कातडी सैल असेल तर तीही हलते.

मांड्यांच्या ऑर्डरी घेणारी अशीच एक पन्नाशीची बाई माझ्या जळगावच्या दवाखान्यात आली. मधुमेह निघाल्यावर तिनं दोन वर्षांत बावीस किलो वजन उतरवलं होतं. पदर सरकवून तिनं दंड आडवा धरला. ‘‘डॉक्टरसाहेब, चरबी गेली, पिशवी राहिली. पोरी मोबाईलवर व्हिडिओ काढतात. मांडा कोणी बघत नाही, हेच बघतात.’’

मी प्लास्टिक सर्जन. आठवड्यातले बहुतेक दिवस जळगावात, गुरुवारी पारोळ्यावरून धुळ्याला. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना बिनबाह्यांचं घालून मिरवायचं असतं, असा एक समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. इथे येणारीची तक्रार बाहीची असते. दंडाच्या मापानं बाही शिवली की ब्लाऊज खांद्यावर ढगळ, खांद्याच्या मापानं शिवला की बाही चढत नाही. शिवाय आपला मे महिना. पारा पंचेचाळीसला टेकला की काखेजवळच्या घडीत घाम साचतो, कातडीला कातडी घासते, चट्टे उठतात. ह्याला नटवेपणा म्हणणाऱ्यानं एक उन्हाळा तशा दंडानिशी काढून बघावा.

कातडी का सैल पडते? तिच्यात ताणून पुन्हा जागेवर येणारे तंतू असतात. वर्षानुवर्षं ताणलेलं इलॅस्टिक जसं परत आखडत नाही, तसंच इथे होतं. वय, बाळंतपणं, भराभर उतरलेलं वजन ही त्याची कारणं. डंबेल्स उचलून मागचा स्नायू भरतो आणि थोडा फरक दिसतो, पण उरलेली कातडी व्यायामानं आटत नाही. मलमानं तर नाहीच. कातडी चांगली असून नुसती चरबी जास्त असेल, तर नळीनं चरबी ओढून काम भागतं. बाकीच्यांना कापावंच लागतं.

ह्या शस्त्रक्रियेला ब्रॅकिओप्लास्टी म्हणतात. खुणा रुग्णाला उभं करून, हात आडवे धरून करतात. झोपवल्यावर कातडी दुसरीकडेच जाते. पुढचं काम शिंप्याचं वाटतं, पण शिंपी शिवणीत माया सोडतो. चुकलं तर उसवून वाढवता येतं. मला ती सोय नाही. त्यात टेबलावरच, काम चालू असताना, दंड सुजायला लागतो. सगळी कातडी एकदम कापून टाकली तर शेवटी दोन्ही कडा जुळत नाहीत. म्हणून थोडं कापायचं, लगेच टाके घालून मिटवायचं, मग पुढे सरकायचं.

आणि मग वण. काखेपासून जवळजवळ कोपरापर्यंत, दंडाच्या आतल्या अंगाला. हात खाली असला तर दिसत नाही, टाळी वाजवायला वर केला की दिसतो. सैल कातडी देऊन वण घ्यायचा, असा हा रोकडा व्यवहार आहे. ‘वण राहणारच नाही’ असं कोणी सांगितलं तर तिथून उठावं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत वण जाड होण्याची, टरारून वाढण्याची खोड जास्त. म्हणून मी सगळ्यात आधी डाव्या दंडावरची बीसीजीची खूण बघतो. लहानपणी टोचलेली ती लस कातडीनं कशी भरून काढली, ते तिथे लिहिलेलं असतं. खूण सपाट असेल तर थोडा धीर येतो. फुगलेली असेल तर मी बाईला चहा पाजून परत पाठवायच्या विचारात असतो.

वणाहूनही मला धाक आहे तो एका नसेचा. दंडाच्या आतल्या बाजूनं, एका मोठ्या शिरेच्या सोबतीनं ती खाली येते, कोपराच्या वर खोलातून कातडीखाली डोकावते आणि हाताच्या आतल्या भागाला स्पर्श कळवते. नेमकी आम्ही कापतो त्याच पट्ट्यात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एकीची ही नस माझ्याच हातून दुखावली. टाके सुंदर आले होते, मी खूश होतो. महिन्याभरानं ती हातावर तव्याचा चटका घेऊन आली. ‘‘भाजलं ते कळलंच नाही,’’ म्हणाली. संवेदना हळूहळू परतली, सगळी नाही. तेव्हापासून कोपराजवळ मी चरबीचा एक थर मुद्दाम खाली ठेवतो आणि माप थोडं कमीच घेतो.

मांडेवाल्या बाईला मी हेच सांगितलं. तिचा सगळा धंदा त्याच हातावर. खापर किती तापलंय ते ती डोळ्यांनी नव्हे, हाताच्या कातडीनं ओळखते. ऑफिसात बसणाऱ्या बाईला तळहाताएवढा बधिर भाग चालून जाईल, हिला नाही. तिनं विचारलं, ‘‘मंग तुम्ही नको म्हणता?’’ मी म्हटलं, ‘‘नको म्हणत नाही. फक्त काखेजवळ थोडं कापू. कोपराकडची पिशवी थोडी राहील, पण नसेच्या वाटेला जायला नको.’’ ती घरी विचारून येते म्हणाली. तिचं वजन वर्षभर स्थिर होतं, साखर आटोक्यात होती. अडचण होती मिश्रीची. तंबाखूनं कातडीचा रक्तपुरवठा आखडतो, टाके उसवतात, कडा काळ्या पडतात. चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर मिश्री बंद, ह्यावर मी घासाघीस करत नाही.

पैशांचंही स्पष्ट बोललेलं बरं. आरोग्य विमा ह्याला पैसे देत नाही आणि सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर अठरा टक्के जीएसटी लागतो. भाजल्यानंतरच्या किंवा जन्मजात व्यंगाच्या शस्त्रक्रियेवर तो नाही, आणि ते रास्तच आहे. माझ्या धुळ्याच्या गुरुवारी बहुधा पहिली रुग्ण स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली असते. तिची काख जुळून आलेली, हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी घालता येत नाही. तिला कातडी कमी, नंतर येणारीला जास्त. एकाच सकाळी दोघी समोर आल्या की मन थोडं खजील होतं, नाही असं नाही. पण आमची विद्याच मुळात कातडी इकडची तिकडे करण्याची. 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाची हकीकत छापून आली. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं होतं आणि आपल्या पुण्याकडच्या एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून ते नवं केलं होतं. युरोपातल्या सर्जनांनी ते वाचून प्रयोग सुरू केले. कावसजीच्या कपाळावरही वण राहिलाच असणार.

दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने ह्या कामाला चांगले. टाक्यांवर सहा आठवडे घट्ट पट्ट्याची बाही घालावी लागते, ती जळगावच्या उन्हाळ्यात सोसवत नाही. तेव्हा केलं तर आखाजीपर्यंत सूज पुष्कळ उतरते, वण मात्र लालसरच असतो. तो फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. मनात असेल तर येताना ज्याची बाही चढत नाही तो ब्लाऊज घेऊन या, आणि हातांनी तुम्ही दिवसभर काय काय करता ते आठवून या. मला आधी तेच विचारायचं असतं.